सानूची मनगटी

पेठ रोड, नाशिक
१२ जानेवारी २०२५

मावशी,

हे पत्र रावजी कंडक्टरच्या हातात देते. फोनवर मला बोलता येत नाय. तुमच्या पाड्यावर रेंज नाय, आणि इथं एका खोलीत सोमनाथ पडलेला असतो, सगळं ऐकतो. पाठीचा पट्टा अजून सुटला नाय त्याचा. डॉक्टर म्हणले उन्हाळ्यापर्यंत काय उचलायचं नाय, स्वतःच्या पोरीलासुद्धा नाय. मी भ्याले असं त्याच्यासमोर बोलले की तो भिंतीकडं तोंड करतो. म्हणून तुला लिहिते. सातवीच शिकले, चुकलं तं हसू नको.

मी द्राक्षाच्या पॅकहाऊसला लागले. सकाळी पेठ नाक्यावरून गाडी नेते, दिवस मावळायला आणून सोडते. दिवसभर उभं राहायचं. घड देठाला धरायचा, द्राक्षाला बोट लावायचं नाय, वरची पांढरी लव पुसली तं माल फुकट गेला. कात्रीनं सडकं, बारकं, चिरलेलं काढायचं आणि प्लास्टिकच्या डब्यात भरायचं. दहा डब्यांची एक पेटी. माझा नंबर चौतीस. मी भरलेल्या पेटीवर चौतीसचं स्टिकर लागतं. माल परदेशात जातो. तिथं पेटीत नुसता केस निघाला तरी नंबरावरून इथं बाई शोधतात आणि तिच्या टेबलावरच्या सगळ्या जणींना काढून टाकतात, असं सगळ्या म्हणतात. हे ऐकल्यापासून मी डबा झाकायच्या आधी दोनदा बघते.

आत जाताना बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी, टिकली सगळं काढायचं. कपडे बदलायच्या खोलीत आरसा हाय. बाया आपापली टिकली त्या आरशावर चिकटवतात आणि जाताना परत कपाळाला लावतात. दिवसभर आरसा टिकल्यांनी भरलेला असतो. पहिल्या दिवशी मी म्हणले, माझी कोणी दुसरीनं नेली तं? माझ्या टेबलावर बायडाबाई म्हणून जुनी बाई हाय, ती म्हणली, "नेऊ दे गं. टिकलीसंगं नवरा जात असता तं मी कधीच अदलाबदल केली असती." तिच्या बाजूला शाझिया असते, मालेगावची. तिच्या माहेरी सगळे कापडाच्या मागावर हायत. ती म्हणते मागाच्या खडखडाटातून आले, इथं कान शांत हायत, तेवढंच काय ते सुख.

आता ऑफिसातल्या वेदिका मॅडमनी एक नवीन काढलंय. भिंतीवर फळा लावलाय. त्याच्यावर आमचे नंबर. शेजारी तीन वाट्यांत गोल चेहरे. हिरवा हसतो, पिवळा गप बसतो, लाल रडतो. सकाळी आल्यावर आपलं मन कसं हाय तो चेहरा आपल्या नंबरापुढं लावायचा. मंग मॅडम माईकवर म्हणतात, रोजच्या कामात आनंद शोधा, आणि आम्ही तीनदा टाळ्या वाजवतो. सगळ्या जणी हिरवाच लावतात. मागच्या वर्षी एकीनं लाल लावला तं दुसऱ्या दिवशी तिचा नंबरच फळ्यावर नव्हता म्हणे. बायडाबाई म्हणते, "सकाळी सकाळी हसू चिकटवून टाकायचं, मंग दिवसभर तोंडाला तसदी नाय." मी पण हिरवा लावते. रोज.

एक गोष्ट कोणाला सांगितली नाय. मागच्या महिन्यात पाड्यावर आले तेव्हा सानूच्या डाव्या हातातली काळ्या मण्यांची मनगटी मी काढून आणली. माझ्या हाताला बांधलीय, वर कोपराकडं, दोरा जोडून. बाही आणि हातमोज्याच्या आत दिसत नाय. कंटाळा आला की वरून दाबते. रागावू नको. अकरा महिन्यांची पोर सोडून आलेय मी. माझ्याकडं तिचं दुसरं काय हाय?

तुझी,
अंजली


आश्रमशाळा, पेठ तालुका
२० जानेवारी

अंजे,

पत्र मिळालं. सैपाकघराच्या उंबऱ्यात बसून वाचलं. सानू पिठाच्या गोणीला पाठ लावून बसली होती आणि माझ्या पोळपाटावर हात मारत होती. बरी हाय. खाते, झोपते, ओरडते. वर-खाली चार दात आलेत, दिसेल ते चावते. परवा मुख्याध्यापकांची चप्पल चावली.

मनगटी कशाला नेलीस? पोराच्या अंगावरची वस्तू अशी काढू नये. आणि नेली तं नेली, कामावर घालायची नाय असं सांगितलंय तिथं घालू नको. घरी उशाखाली ठेव. माझं ऐक. तू लहानपणी पण भ्यायचीस, तेवढीच लपवायचीस. सहा वर्षांची होतीस, आई गेली तेव्हा माझ्याकडं आलीस, आणि पायात काटा मोडला तरी दोन दिवस बोलली नव्हतीस. पाय सुजला तेव्हा मला कळलं.

तुझ्या मॅडमचा आनंद मला काय समजला नाय. मी एकोणीस वर्षं झाली दोनशे पोरांच्या भाकऱ्या थापते. मला कोणी विचारलं नाय तोंड हिरवं हाय का लाल. खांदा दुखतो. धुरानं डोळे गेले होते, आता गॅस आला तं गॅस संपतो. पण एक सांगते, कोणाला सांगू नको. परातीत शेवटी पीठ उरतं ना, बोटाला चिकटलेलं, त्याची मी रोज एक भाकरी करते, बाटलीच्या झाकणाएवढी. ती कोणत्या पोराच्या ताटात जात नाय, मोजणीत नाय. फुगते पण मोठीसारखीच. ती फुगली की मला बरं वाटतं. का ते माहीत नाय. आता ती सानू खाते.

तू पण असं काय तरी बघ तिथं. मॅडमचं राहू दे. तुझं तू बघ.

सोमनाथला म्हणावं पडल्या पडल्या लसूण तरी सोलत जा.

नवसामावशी


नाशिक
२ फेब्रुवारी

मावशी,

तुझं ऐकलं असतं तं बरं झालं असतं.

काल दुपारी मनगटी तुटली. पेटी सरकवायला हात लांब केला, बाहीत टचकन झालं आणि मणी खाली गेले, हातमोज्यात, टेबलावर, पायाशी. कोणाला कळायच्या आत मी वाकून वेचले. खोकला आल्याचं सोंग केलं. पाच सापडले. सानूच्या बारशाला मी स्वतः ओवले होते, सात होते. दोन नाय सापडले. झाडू मारताना मीच मारते म्हणून सगळी जागा झाडली. अॅप्रन झटकला, बूट काढून बघितले. नाय.

पांढरा माल असता तं डब्यात काळं दिसलं असतं. पण काल काळी द्राक्षं होती मावशी. काळ्या द्राक्षात काळा मणी. कोणाला दिसणार हाय? जो खाईल त्याच्या दाताखाली येईल तेव्हाच कळेल. लहान पोरानं खाल्लं तं? त्याच्या गळ्यात अडकला तं? माझ्या पोरीला नजर लागू नये म्हणून घातलेला मणी दुसऱ्याच्या पोराला बाधला तं मी कुठं तोंड दाखवू?

माझ्या पेट्या कोल्ड रूमला गेल्यात. चार-पाच दिवसांत गाडी भरतील. सांगितलं तं मला काढतील, बायडाबाईला काढतील, शाझियाला पण. तिघींच्या घरची चूल माझ्या हातात असल्यासारखं वाटतंय. नाय सांगितलं तं ते पोर डोळ्यासमोर येतं. त्याला तोंड नाय, पण ते येतं.

आज सकाळी पण मी हिरवाच चेहरा लावला. तो लावताना बोट चिकटून बसलं त्याला.

मी काय करू? पटकन लिही. रावजी नसला तं दुसऱ्या कोणाच्या हातात दे.

अंजली


नाशिक
६ फेब्रुवारी

मावशी,

तुझं उत्तर नाय आलं. सीबीएसच्या स्टँडवर दोनदा जाऊन आले. रावजी रजेवर हाय, पुतणीचं लग्न. माझं आधीचं पत्र त्याच्या पिशवीतच असंल बहुतेक. तू मुद्दाम गप बसलीस असं नाय ना? का सानूला काय झालंय आणि तू सांगत नाय? खरं सांग मला.

मी सांगून टाकलं.

परवा सकाळी फळ्यापुढं उभी राहिले आणि हात हिरव्या वाटीत गेलाच नाय. मी लाल घेतला आणि चौतीसपुढं लावला. माझ्या मागं रांग होती. बायडाबाई हळूच म्हणली, "अगं ए, चुकून लाल लावलास." मी म्हणले, चुकून नाय.

वेदिका मॅडम आल्या, फळा बघितला आणि तिथंच उभ्या राहिल्या. मला बाजूला घेतलं. मला वाटलं आता रागावणार. पण मावशी, ती पोरगी माझ्यापेक्षा घाबरलेली. म्हणली, "ताई, लाल लावल्यावर पुढं काय करायचं ते मलाच कोणी सांगितलेलं नाही हो. आजपर्यंत कोणी लावलाच नाही." मी विचारलं, मागच्या वर्षी लावला होता ना एकीनं? ती म्हणली फळाच यंदा आलाय. मंग मला रडू फुटलं. आणि मी सगळं सांगितलं, मनगटी, पाच, सात, काळा माल, सगळं.

मॅडमनी सुपरवायझरला बोलावलं. धम्मपाल सर. ते ओरडले नाय. डोळे चोळले आणि विचारलं, "नक्की सात होते?" मी म्हणले नक्की, माझ्या हातानं ओवले. त्यांनी कोल्ड रूममधून चौतीसच्या त्या दिवसाच्या पेट्या काढायला लावल्या. बावन्न निघाल्या. म्हणले, जेवणाच्या सुट्टीत उघडा, लाइन थांबवता येणार नाय.

मी एकटीच उघडायला बसले. थंडगार पेट्या, बोटं बधिर. तिसरी पेटी उघडली तेव्हा समोर शाझिया येऊन बसली, डबा न खाता. म्हणली, "सरक. तुझ्यासारखी एक एक द्राक्ष विचारत बसलीस तं रमजान येऊन जाईल." मंग बायडाबाई आली. ती मला शिव्या देत होती, लाल तोंडाची म्हणत होती, पण तिचे हात थांबले नाय. मंग तीन नंबरच्या टेबलावरच्या पण आल्या. त्यांचा काय संबंध? कोणी जेवलं नाय. प्रत्येक घड उजेडात धरून फिरवला आम्ही.

मणी नाय सापडला. एकपण नाय.

सरांनी तो सगळा माल परदेशाला पाठवला नाय, इथल्या बाजारात मोकळा विकायला काढला. टेबलावरच्या कोणाला काढलं नाय. मला म्हणले, दागिना घालून आत आलीस, टेबलावर तुला ठेवता येणार नाय. आता मी बाहेर क्रेट धुते. शेतातून द्राक्षं येतात ते प्लास्टिकचे क्रेट. हे काम कोणाला नको असतं. गार पाणी, वाकून वाकून कंबर जाते, हाताची कातडी पांढरी पडते. फळ्यावरून चौतीस काढला. बाहेरच्यांना फळा नाय.

घरी आले की बसल्या जागी डोळे मिटतात. सोमनाथ विचारतो हात असे का झाले, मी म्हणते काम बदललं. का ते सांगितलं नाय.

एकच हाय, बाहेर बांगड्या घालू देतात. पाण्यात हात घातला की वाजतात. कालपासून ऐकतेय.

सानूचं कळव. लगेच.

अंजली


आश्रमशाळा
१५ फेब्रुवारी

अंजे,

तुझी दोन्ही पत्रं परवा एकदम मिळाली. रावजीनं लग्नाच्या बुंदीसंगं आणून दिली. पहिलं वाचलं आणि मी तशीच खाली बसले. दुसरं वाचायला धीर होईना.

सगळ्यात आधी हे वाच. सानू चांगली हाय. काय झालेलं नाय तिला.

आता दुसरं. मणी पाचच होते.

दिवाळीनंतर तू तिला माझ्याकडं ठेवून गेलीस ना, त्याच्या आठ दिवसांनी तिला पहिला दात आला. ती दिवसभर मनगटी चावायची. एक दिवस कडकन आवाज आला आणि दोन मणी फुटले. मी तिच्या तोंडात बोट घालून तुकडे काढले. उरलेले पाच नव्या दोऱ्यात ओवून परत बांधले. तुला सांगितलं नाय. का नाय सांगितलं? नजरेचा मणी फुटला म्हणलं असतं तं तू रात्रंदिवस भीत बसली असतीस, पोरीवर काय तरी आलंय म्हणून काम सोडून पळत आली असतीस. म्हणलं, कशाला. साताचे पाच झाले हे कोण बघतंय.

मागच्या पत्रात लिहायला घेतलं होतं. दातांचं लिहिलं, चपलेचं लिहिलं, आणि तिथंच हात आवरला.

तुला मी काटा लपवला म्हणून बोलले. मी काय वेगळं केलं? माझ्यापायी तू इतकी तळमळलीस, त्या बायांची जेवणं गेली, तुझं टेबल गेलं. तुला कसं तोंड दाखवायचं ते मला कळंना. दोन दिवस माझ्या भाकऱ्या करपतायत.

तुझ्या सरांना हे पत्र दाखव. म्हणावं, म्हातारीची चूक हाय, पोरीला परत आत घ्या.

आणखी एक गोष्ट लपवलीय मी तुझ्यापासून. वाईट नाय ती. पण पत्रात लिहिणार नाय. ती तुझीच हाय, तू बघायची.

आणि खरं बोलायचंच हाय तं हे पण. सानू मला माय म्हणायला लागलीय. मी तिला रोज तुझा फोटो दाखवते, ही आई म्हणते. ती फोटो चावते.

नवसामावशी


नाशिक
२२ फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र नळावर उभी राहून वाचलं. पाचच होते हे वाचून मला आधी राग आला, मंग मी ओल्या क्रेटवरच बसले. मनगटी काढून आणली तेव्हा मी मणी मोजलेच नव्हते. कोणाच्याच पोराच्या घशात काय नाय अडकलं. हे मी स्वतःलाच चार वेळा सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीत बाया बाहेर आल्या तेव्हा मी सगळं वाचून दाखवलं. आधीच्या पत्रातली चप्पल पण सांगितली. दोन मणी पोरीनं चावून फोडले म्हणल्यावर बायडाबाई माझ्याकडं बघतच राहिली. "म्हंजी बावन्न पेट्या," ती म्हणली, "बावन्न पेट्या मी उपाशी उघडल्या, आणि मणी तुझ्या पोरीच्या दाताखाली?" मला वाटलं आता मारते. तं ती हसायलाच लागली. तिचं हसू आम्ही कोणी ऐकलंच नव्हतं, मावशी. दात नाय तिला खालचे, तोंड मास्कखाली असतं. शाझिया हसून हसून खाली बसली. म्हणली, "बडी भारी पोरगी हाय तुझी, आख्खं पॅकहाऊस कामाला लावलं." वेदिका मॅडम धावत आल्या, काय झालं म्हणून. त्यांना सांगितलं तं त्यांना पण आवरंना. माईक नव्हता, टाळ्या नव्हत्या.

धम्मपाल सर पण बाहेर येऊन ऐकत होते. मंग एक क्रेट उलटा करून त्याच्यावर बसले. बायडाबाई म्हणली या माणसाला बसलेला आज पहिल्यांदा बघितला. ते म्हणले, "मणी नव्हताच म्हणल्यावर सोमवारपासून टेबलावर ये परत."

मी नाय म्हणले.

बायडाबाई म्हणली वेडी. असंल. काम वाईटच हाय गं हे, खोटं कशाला सांगू. कंबर मोडते. पण इथं ऊन पडतं. माझ्या बांगड्या माझ्या हातात असतात. सकाळी तोंडावर कोणता चेहरा आणू हे ठरवायला लागत नाय. आणि इथं मागं पत्र्याची शेड हाय, कोरडी, तिथं क्रेट धुणाऱ्या दोघींची पोरं बसतात. मी सरांना विचारलं. सर म्हणले, "आत पोर चालायचं नाय. बाहेर दोन हायत, ती मला माहीत हायत. तिसरं आलं तं मी मोजणार नाय."

सोमनाथला पण सगळं सांगितलं शेवटी. पट्टा धरून हसला. मंग भिंतीला टेकून उठून बसला आणि पाच मणी त्यानंच ओवले, दुहेरी दोऱ्यात. म्हणला सुई धरायला काय वजन लागत नाय.

मी एक क्रेट सानूला बसायला नीट घासून तीन दिवस उन्हात ठेवलाय. कडा हातानं फिरवून बघितल्या, कुठं टोचत नाय. आत माझं जुनं लुगडं घडी करून टाकलंय.

मावशी, सानूला घेऊन ये. तुझ्याकडून नेते असं नाय समजायचं. तू पण राहा चार दिवस. तिनं तुला माय म्हणावं, मला राग नाय. मला ती काय पण म्हणली तरी चालंल.

तू काय लपवलंय ते मला कळंना. सांगू नको मंग.

अंजली


आश्रमशाळा
२६ फेब्रुवारी

अंजे,

रविवारी सकाळच्या गाडीनं येते. दोन दिवसांचीच रजा मिळाली, भाकऱ्या कोण थापणार.

तिची झबली धुतली. तिच्या सामानात पितळेची वाटी हाय, ती तिच्याकडंच राहू दे, दुसऱ्या वाटीत जेवत नाय. झोपताना उजवी कूसच लागते. कपाळावरून खाली बोट फिरवलं की डोळे मिटते. हे सगळं तुला माहीत असायला पाहिजे म्हणून लिहिते.

परवा ती बारकी भाकरी करून झाली तं सानू गेल्यावर ही कोणाला द्यायची म्हणून मी बघतच बसले. परत आले की मीच खाईन. पूर्वी खातच होते.

आता नीट ऐक. गाडी सीबीएसला लागली की गर्दीत दारापाशी घुसू नको. मागं, पाण्याच्या टाकीजवळ मोकळी जागा हाय तिथं थांब. मी तिला घेऊन उतरते आणि खाली उभी करते. तू तिला उचलायला येऊ नको. चार पावलं लांब राहा, खाली बस, आणि हात पुढं कर. हातात बांगड्या घाल, वाजणाऱ्या.

बाकीचं ती करंल.

नवसामावशी